मनोऱ्याच्या पायाशी

फ्रँकफुर्टच्या वायव्येला, टाउनस डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेल्या एश्बॉर्न या छोट्या नगरात राहणाऱ्यांपेक्षा कामाला येणारे अधिक आहेत. 'डॉइचे ब्योर्से' या शेअर बाजार चालवणाऱ्या कंपनीने २०१० साली आपला कारभार फ्रँकफुर्टहून येथे हलवला, आणि दिवसभर काचेच्या इमारतींत भरणाऱ्या अशा वर्दळीला विजेइतकीच मोबाइल जाळ्याचीही गरज लागते. विजेची तजवीज तर थेट कायद्यातच झाली, कारण अतिउच्चदाब वाहिन्यांच्या विस्तारासाठी २००९ मध्ये झालेल्या जर्मन कायद्याच्या यादीत क्रिफ्टेल ते एश्बॉर्न ही ३८० किलोव्होल्टची वाहिनी आठव्या क्रमांकावर आहे. मोबाइलसाठी मात्र उंच जागा शोधत हिंडावे लागते. नवा मनोरा म्हणजे जागा, परवाने आणि शेजाऱ्यांच्या हरकती; त्यामुळे शेतातून आधीच उभ्या असलेल्या विजेच्या मनोऱ्याकडे दूरसंचार कंपन्यांचे लक्ष जाणे स्वाभाविक होते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाला अनुसरून जर्मनीने २०१६ मध्ये केलेल्या कायद्यानेही वीज कंपन्यांचे खांब आणि मनोरे रास्त अटींवर इतरांना वापरता यावेत अशी वाट करून दिली. सुरक्षेच्या कारणास्तव नकार देण्याची मुभा अर्थातच ठेवली.

अशा मनोऱ्यावर अँटेना दोन ठिकाणी बसू शकते. एक जागा म्हणजे सर्वांत खालच्या आडव्या बाहूच्याही खाली, जिथे विजेच्या तारा डोक्यावर राहतात आणि पुरेसे अंतर राखता आल्यास वाहिनी बंद न करताही काम होऊ शकते. दुसरी म्हणजे थेट शेंड्यावर, जिथे विजांपासून संरक्षण देणारी भूतार, म्हणजे मनोऱ्यांना माथ्यावरून जोडणारी व जमिनीशी संलग्न असलेली तार, बांधलेली असते. शेंड्यावरून लहरी दूर पोहोचतात, पण तेथे जायचे तर तारांच्या मधून चढावे लागते. वीजतंत्राचे प्रशिक्षण नसलेल्या कामगाराने चालू तारेपासून किती दूर राहावे याचे जर्मन आकडे ठरलेले आहेत: ११० किलोव्होल्टपर्यंत ३ मीटर, २२० पर्यंत ४ मीटर आणि ३८० पर्यंत ५ मीटर. हे अंतर शरीरापासून नव्हे, तर हातातली पट्टी, लोंबणारा दोर किंवा वर ओढली जाणारी अँटेना वाऱ्याने जिथवर झुलेल तिथपासून मोजायचे असते.

वजनाची चिंता सामान्य माणसाला आधी सुचते, पण पोलादी जाळीच्या मनोऱ्याला अँटेनाचे वजन फारसे जाणवत नाही. त्याला जाणवतो तो तिच्या सपाट पाठीवर आदळणारा वारा, आणि हिवाळ्यात तिच्यावर व तारांवर साचणारे बर्फ. नोव्हेंबर २००५ मध्ये म्युन्स्टरलांड भागात तारांवर गोठलेल्या ओल्या बर्फाने ८२ मनोरे वाकले आणि सुमारे अडीच लाख लोक अंधारात राहिले. त्यामुळे अँटेना चढण्याआधी जुने आराखडे काढून मनोऱ्याच्या प्रत्येक पायावर येणारा ताण नव्याने मोजला जातो.

खरा पेच मात्र उंचीवर नसून जमिनीत आहे, आणि या कामाबद्दल बोलताना नेमका तोच भाग वगळला जातो. वीजमनोरा मुद्दाम जमिनीशी जोडलेला असतो. तारेवर वीज कोसळली किंवा इन्सुलेटर फुटून तार मनोऱ्याला भिडली, तर प्रवाहाला जमिनीत उतरायला वाट हवी. परंतु जमीनही प्रवाहाला काही रोध करतेच. समजा १,००० अँपिअर प्रवाह एखाद्या मनोऱ्याच्या पायातून उतरला आणि तेथील अर्थिंगचा रोध ५ ओहम असला, तर त्या क्षणी मनोऱ्याचा सांगाडा दूरच्या जमिनीच्या तुलनेत ५,००० व्होल्टवर चढतो. शेतात एकट्या उभ्या मनोऱ्याच्या बाबतीत हे खपून जाते, कारण ब्रेकर सेकंदाच्या अगदी लहानशा अंशात वाहिनी तोडतो आणि तेवढ्या वेळात सहसा कुणी त्याला हात लावून उभे नसते. अँटेना आली की तिच्या यंत्रांना वीजपुरवठा लागतो, आणि तो जवळच्या वस्तीतल्या साध्या केबलमधून येतो. त्या केबलचे दुसरे टोक घरांच्या वायरिंगशी जोडलेले असते. म्हणजे एरवी शेतातच जिरला असता तो दाब तांब्याच्या वाटेने थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचू शकतो.

यावर उपाय म्हणजे विलगक रोहित्र. यातल्या दोन गुंडाळ्यांमध्ये धातूचा कोणताही दुवा नसतो, ऊर्जा फक्त चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते, आणि मधला विद्युतरोधक थर मनोऱ्यावर येऊ शकणारा दाब सोसेल इतका भक्कम ठेवलेला असतो. संदेशांसाठीही तांब्याची तार न आणता धातूविरहित काचतंतूची केबल आणतात. यंत्रांची पेटी, तिचे दार, भोवतालचे कुंपण हे सगळे एक तर मनोऱ्याच्या अर्थिंगशी नीट जोडायचे, नाही तर त्यापासून पुरते अलग ठेवायचे. अर्धवट जोडणी सर्वांत घातक, कारण मग एक हात पेटीवर आणि दुसरा कुंपणावर ठेवणारा माणूस स्वतःच दुवा बनतो.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन मनोऱ्यांखालचा हा धोका सारखा नसतो. एश्बॉर्नपासून फार लांब नसलेल्या डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठात वाल्डेमार पेटरसन या प्राध्यापकांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात एक वेटोळे शोधून काढले. ते रोहित्राचा मध्यबिंदू आणि जमीन यांच्यामध्ये बसवले की एका तारेचा जमिनीशी संपर्क झाला तरी वाहणारा प्रवाह अगदी थोडा उरतो. जर्मनीतली ११० किलोव्होल्टची जाळी बहुतांशी आजही याच पद्धतीने चालतात, तर ३८० किलोव्होल्टच्या जाळ्यात असा दिलासा नाही आणि बिघाडाचा प्रवाह हजारो अँपिअरमध्ये जातो. अँटेनासाठी मनोरा निवडताना किती उंच यापेक्षा कुठल्या जाळ्यातला, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

विजेचा ५० हर्ट्झचा प्रवाह मोबाइलच्या लहरी बिघडवत नाही का, ही शंका मात्र फार काळ टिकत नाही. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी ६,००० किलोमीटर, तर ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची जेमतेम ३३ सेंटिमीटर. दोघींचे एकमेकींशी देणेघेणे नाही. वाहिनी आणि संभाषण यांचा संसार तसा जुनाच आहे. महाराष्ट्रातल्या उपकेंद्रांत तारांना लटकलेली 'वेव्ह ट्रॅप' नावाची नळकांडी अनेकांनी पाहिली असतील. ती तारेवरूनच जाणारे संदेश उपकेंद्राच्या यंत्रांत शिरण्यापासून अडवतात. महापारेषणच्या भागीदारीतली एक कंपनी तर राज्यातल्या वाहिन्यांवर काचतंतू पोटात वागवणारी भूतार बसवण्यासाठीच स्थापन झाली.

अँटेना बसल्यावर परावलंबन दुहेरी होते. १० वॉट वा त्याहून अधिक प्रसारशक्तीच्या केंद्राला जर्मनीत संघीय जाळे प्राधिकरणाचे स्थळ-प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि त्यात अँटेनाभोवती किती अंतरात माणसाने थांबू नये हे लिहिलेले असते. मनोरा रंगवायला चढणाऱ्याला आता तारांतली वीजच नव्हे, अँटेनाही बंद करून घ्यावी लागते. म्हणजे दोन कंपन्यांचे दोन शटडाउन एकाच दिवशी जुळवायचे.

शेंड्यावरच्या कामासाठी जर्मन लाइनमन पाच नियम क्रमानेच पाळतात: वाहिनी तोडणे, ती पुन्हा चालू होणार नाही याची तजवीज करणे, दाब नसल्याची चाचणी घेणे, तारा जमिनीशी व एकमेकींशी जोडणे, आणि शेजारच्या चालू भागाला आड करणे. कामाच्या ठिकाणी अर्थिंग लावताना पकड आधी जमिनीच्या बाजूला बसते व मग तारेला. अँटेना घट्ट झाली, हत्यारे मोजून खाली आली, की काढताना क्रम उलटतो: तारेवरची पकड आधी सुटते, जमिनीची सर्वांत शेवटी. त्यानंतरच कागदावर सही होते आणि नियंत्रण कक्षाला फोन जातो.