गंजून बसलेला क्रॉस काढताना

पिकअप गिअरमध्ये टाकताच खालून 'टक्' असा आवाज येत असेल, वेग धरला की गाडी थरथरत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आधी तपासा. चिखलपाण्यात चालणाऱ्या गाडीत त्यांचे कप योकमध्ये गंजून घट्ट बसतात.

शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँज आणि योकवर पेंटची खूण करा. स्लिप योक विसरू नका. तो एखादा दाता इकडेतिकडे बसला, तर नवा क्रॉस टाकूनही थरथर राहते.

गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. सर्कलिप निघत नसेल तर कप किंचित आत ठोका, क्लिपवरचा ताण सुटतो. मग शाफ्ट व्हाइसमध्ये घ्या: एकीकडे कपापेक्षा लहान गोटी, समोर कप आत मावेल एवढी मोठी. आवळत गेलं की समोरचा कप मोठ्या गोटीत सरकतो. सरकलाच नाही, तर ताण तसाच ठेवून योकच्या कानावर हातोडीचा एक नेमका ठोका द्या. बहुतेक वेळा खाडकन सुटतो! पातळ नळीवर मात्र चुकूनही मारू नका.

तरीही हटला नाही, तर गॅसने कान चौफेर तापवा. सील जळतात, ग्रीस पेट घेऊ शकतं, म्हणून हा उपाय क्रॉस टाकूनच द्यायचा असेल तेव्हाच. ॲल्युमिनियमच्या शाफ्टला ज्योत लावूच नका.

नवा कप पूर्ण आत जात नसेल, तर आतली एखादी सुई आडवी पडलेली असते. जोर न लावता कप काढून बघा.