लीला : एक शब्द, अनेक नावं आणि एक अवघड प्रश्न

गेल्या काही व्याख्यानांत आपण मोठमोठे शब्द घेतले, माया, कर्म, मोक्ष. आज तुलनेनं हलका शब्द घेऊ या. हलका म्हणजे अक्षरशः हलका, कारण त्याचा मूळ अर्थच खेळ असा आहे. शब्द आहे ‘लीला’.

हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो ते आधी पाहू. देवळात कीर्तनकार म्हणतात, देवाची लीला अगाध. घरी आजी नातवाच्या बाळलीला सांगते. क्रिकेटचा समालोचक म्हणतो, चेंडू लीलया सीमापार धाडला. आणि गावातला एखादा उपद्व्यापी माणूस पकडला गेला की पारावरची मंडळी म्हणतात, ‘अहो, त्याच्या लीला काय सांगाव्या!’ देव, तान्हं बाळ, फलंदाज आणि भामटा, चौघांना एकच शब्द. भाषा असं उगीच करत नाही. या चौघांत समान काय आहे?

माझं उत्तर असं. ज्या कृतीमागे गरज दिसत नाही आणि जी करताना कष्ट दिसत नाहीत, तिला आपण लीला म्हणतो. बाळ हात-पाय हलवतं, त्याला कुठे पोचायचं नसतं. फलंदाजानं वर्षानुवर्षं घाम गाळलेला असतो, पण त्या क्षणी तो दिसत नाही. ‘लीलया’ ही संस्कृतातली तृतीया विभक्ती, ‘लीलेने’ असा तिचा अर्थ. ती जशीच्या तशी मराठीत क्रियाविशेषण होऊन बसली. भामट्याच्या बाबतीत आपण तोच शब्द उपरोधानं वापरतो. त्याच्या कृत्यांचा त्रास दुसऱ्याला होतो आणि तो स्वतः मात्र खेळल्यासारखा मोकळा राहतो, ही त्यातली चीड आहे. हा चौथा अर्थ लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तो लागणार आहे.

आता संस्कृतात जाऊ. तिथे लीला म्हणजे खेळ, तसंच डौल, आणि तसंच बतावणी. ‘लीलाकमल’ म्हणजे हातात नुसतं खेळवायला घेतलेलं कमळ. कुमारसंभवाच्या सहाव्या सर्गात अंगिरस ऋषी हिमालयाकडे शंकरासाठी पार्वतीची मागणी घालायला येतात, तेव्हा वडिलांशेजारी उभी असलेली पार्वती खाली मान घालून अशाच कमळाच्या पाकळ्या मोजते. तिला पाकळ्यांचा हिशोब नको आहे. खेळाच्या आडून ती आनंद लपवते आहे. म्हणजे लीला हा पडदाही होऊ शकतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात लीला हा एक पारिभाषिक शब्द आहे. नायिकेच्या दहा स्वाभाविक अलंकारांची यादी तिथे आहे, तिच्यात लीला येते. अर्थ काय, तर प्रियकराच्या बोलण्याची, वेषाची, चालण्याची प्रेमानं केलेली नक्कल. इथे अर्थाला एक नवी वाट फुटते. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण रासातून अंतर्धान पावतो, तेव्हा विरहानं व्याकूळ झालेल्या गोपी त्याच्याच कृत्यांची नक्कल करू लागतात. कुणी पूतना होते, कुणी कृष्ण. मला वाटतं, रासलीला, रामलीला या नाट्यप्रकारांची भावना समजून घ्यायची असेल तर हा प्रसंग वाचावा. जो समोर नाही त्याला आपल्या अंगावर आणायचं, अशी ती धडपड आहे.

वाराणसीजवळ रामनगरची रामलीला महिनाभर चालते. तिथे एकच रंगमंच नसतो. प्रसंग बदलला की प्रेक्षकही उठून दुसऱ्या जागी चालत जातात. राम, सीता आणि भावांच्या भूमिका मुलं करतात, त्यांना ‘स्वरूप’ म्हणतात, आणि त्या दिवसांत लोक त्यांना खरोखर नमस्कार करतात. २००८ साली युनेस्कोनं रामलीलेचा आपल्या वारसा-यादीत समावेश केला. आणि दिल्लीचं रामलीला मैदान? नाव खेळाचं, पण २५ जून १९७५ रोजी जयप्रकाश नारायण यांची सभा तिथे झाली आणि २०११ मध्ये अण्णा हजारे यांचं उपोषणही तिथेच झालं. नावं अशी आपल्या अर्थापासून दूर चालत जातात.

मग आता नावांकडेच वळू. लीला आणि लीलावती नावाच्या बायका आपल्या परंपरेत ठिकठिकाणी भेटतात. सत्यनारायणाच्या पोथीत साधुवाण्याची बायको लीलावती आणि मुलगी कलावती. ही लीलावती आपण प्रसादाची वाट पाहत अर्धवट ऐकलेली असते. दुसरी लीलावती भास्कराचार्यांची. ११५० साली त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला, त्याचा पहिला, अंकगणिताचा भाग म्हणजे ‘लीलावती’. त्यात कमळांवर बसलेले भुंगे आहेत, तुटलेल्या हारातले मोती आहेत, बिळाकडे धावणारा साप आणि खांबावरून झेपावणारा मोर आहे, आणि या सगळ्यांतून अपूर्णांक, वर्गमुळं आणि काटकोन त्रिकोण शिकवलेले आहेत.

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, लग्नाच्या मुहूर्तासाठी लावलेल्या घटिकापात्रात तिचा मोती पडला, छिद्र बुजलं, मुहूर्त टळला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती भेटते फैजीनं अकबराच्या काळात, १५८७ मध्ये केलेल्या फार्सी अनुवादात, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. ग्रंथात उदाहरणं कधी मुलीला उद्देशून आहेत, कधी मित्राला, कधी व्यापाऱ्याला. चाळीसगावजवळ पाटण इथे जो शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यांची नावं आहेत, मुलीचं नाही. तेव्हा लीलावती ही मुलगी होती असं ठामपणे म्हणता येत नाही. मला तर वाटतं, ‘लीला असलेली’ हे नाव त्या ग्रंथालाच शोभून दिसतं. गणित खेळता येतं, असा दावा मुखपृष्ठावरच करणारं हे पुस्तक आहे. २०१० साली हैदराबादला गणितज्ञांची जागतिक परिषद भरली, तेव्हा गणित लोकांपर्यंत नेणाऱ्यांसाठी ‘लीलावती’ नावाचा पुरस्कार सुरू झाला. नाव अगदी योग्य जागी पोचलं.

आपल्या जवळची आणखी एक लीला सांगतो. कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयाच्या संस्थापक लीलाताई पाटील. ना. सी. फडके यांच्या त्या कन्या. मुलांनी आनंदानं, करून पाहत शिकावं यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. नाव आई-वडील ठेवतात, त्यात मुलाचं कर्तृत्व नसतं. पण कधी कधी माणूस नावाचा अर्थ मिळवतो.

आणि एक तत्त्वज्ञानातली लीला. योगवासिष्ठाच्या उत्पत्तिप्रकरणात पद्म राजाची राणी लीला आहे. राजावर तिचं इतकं प्रेम, की तो आधी गेला तर काय, या भीतीनं ती सरस्वतीची आराधना करते आणि वर मागते. राजा मरतो. ती त्याचा देह फुलांत झाकून ठेवते आणि सरस्वतीला विचारते, माझा नवरा आता कुठे आहे? देवी तिला त्याच दालनाच्या अवकाशात दुसरं जग दाखवते. तिथे तो विदूरथ नावाचा राजा आहे, आणि गंमत पाहा, त्याच्याही राणीचं नाव लीला! एक लीला दुसऱ्या लीलेला भेटते. ‘मी’ म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न नामसाम्यातून उभा करण्याची ही युक्ती मला फार आवडते.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. तिचं नावच लीला आहे, तरी नवऱ्याच्या मृत्यूला ती ‘असेल एखादी लीला’ म्हणून बाजूला सारत नाही. ती प्रश्न विचारते. देवीसुद्धा गप्प बस म्हणत नाही, तिला हाताला धरून दाखवायला नेते.

इथून आपण मुख्य प्रश्नाला येतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात एक आक्षेप आहे. कुणीही काही करतो ते कशासाठी तरी करतो. ब्रह्म तर परिपूर्ण, त्याला काही हवंसं उरलेलं नाही. मग त्यानं जग का केलं? हवं होतं म्हणून केलं म्हणाल तर ते अपूर्ण ठरतं. काहीच हेतू नव्हता म्हणाल तर ते वेड्यासारखं वागलं असं होईल. तेहतिसावं सूत्र उत्तर देतं, ही केवळ लीला आहे, लोकात असते तशी.

भाष्यकारांचे दाखले पाहा. शंकराचार्य म्हणतात, सगळ्या इच्छा पुऱ्या झालेला राजा जसा नुसता खेळतो. किंवा आपला श्वास-उच्छ्वास जसा हेतू न धरता, स्वभावानंच चालतो. रामानुजाचार्यांचा सार्वभौम राजा चेंडू खेळतो. मध्वाचार्य म्हणतात, आनंद अनावर झालेला माणूस जसा नाचतो, गातो. श्वास, चेंडू, नाच. शंकराचार्यांचे परमगुरू मानले जाणारे गौडपाद तर ‘क्रीडेसाठी सृष्टी’ हेही इतरांचं मत म्हणून नोंदवतात आणि म्हणतात, हा देवाचा स्वभावच, ज्याला सगळं मिळालं आहे त्याला इच्छा कसली? म्हणजे ‘खेळ’ हा शब्दही त्यांना जरा जास्त वाटला.

तर्क म्हणून हे उत्तर सुंदर आहे. पण मी हे वर्गात शिकवायचो तेव्हा एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, ‘सर, आमच्याकडे परवा गारपीट झाली. द्राक्षाची बाग गेली. हा चेंडू कुणी मारला?’ वर्ग हसला नाही. प्रश्न नेमका होता. खेळणाऱ्याला खेळ असेल, पण चेंडू ज्याच्या डोक्यात बसला त्याचं काय?

आणि मंडळी, सूत्रकारांनाही हा प्रश्न सुचलेला आहे. लीलेच्या सूत्राला लागूनच जे चौतिसावं सूत्र आहे, ते याचसाठी आहे. त्यात दोन आरोप हाताळले आहेत, वैषम्य म्हणजे पक्षपात आणि नैर्घृण्य म्हणजे निर्दयता. उत्तर असं की ईश्वर जीवांच्या कर्मानुसार फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळीकडे सारखाच, भात उगवेल की जव ते बियाण्यावर. पुढच्या सूत्रात आणखी शंका, सुरुवातीला कर्म कुठून आलं? उत्तर, संसाराला सुरुवातच नाही. हे तुम्हाला पटो न पटो, मला तर त्या मुलासमोर ते उच्चारायला जड गेलं. पण एक गोष्ट नक्की. परंपरेनं ‘लीला’ म्हणून विषय संपवला नाही. लगेच पुढचा आक्षेप स्वतःच मांडला. आपण मात्र शोकाच्या घरी जातो आणि ‘देवाची लीला’ म्हणून मोकळे होतो. पहिलं उत्तर आपण उचललं, पुढचा प्रश्न गाळला.

यावर तोडगा म्हणून मी आपल्याच मराठीकडे बोट दाखवीन. लीळाचरित्र. इथे ‘ल’चा ‘ळ’ झाला आहे. इ. स. १२७८च्या सुमाराचा, म्हाइंभटांनी सिद्ध केलेला हा मराठी गद्याचा आरंभीचा ग्रंथ. चक्रधरस्वामींच्या एकेका आठवणीला तिथे ‘लीळा’ म्हणतात. चक्रधर गेल्यावर म्हाइंभट एकेका शिष्याकडे जाऊन आठवणी गोळा करत राहिले, आणि सांगणाऱ्यांत फरक पडला तर तोही नोंदवला. काय आहे त्या लीळांत? मुक्काम कुठे पडला, जेवायला काय होतं, बाइसा काय म्हणाल्या, महदाइसेनं काय विचारलं. आपल्याला कंटाळवाणा वाटेल असा रोजचा दिवस. ईश्वराची लीळा म्हणून त्यांनी आकाशाकडे पाहिलं नाही, समोरच्या माणसाचं उठणं-बसणं टिपून ठेवलं. इथे लीळा म्हणजे लक्ष देणं.

तेव्हा माझं म्हणणं असं. ‘लीला’ हा शब्द कृती करणाऱ्याच्या बाजूचा आहे. स्वतःच्या कामाला तो लावा, खुशाल लावा. शिकवणं, स्वयंपाक, गणित, गाणं गरजेच्या पलीकडे जाऊन जमलं तर त्यासारखं सुख नाही. मुलाच्या खेळाला लावा. पण दुसऱ्याच्या दुःखाला, त्याच्या तोंडावर, लावू नका. ज्यानं सोसलं त्यानं स्वतः म्हटलं तर गोष्ट वेगळी, तो त्याचा अधिकार. आपण म्हटलं की देव त्या पारावरच्या भामट्याच्या रांगेत जाऊन बसतो, ज्याच्या खेळाची किंमत दुसरेच मोजतात. भक्तालाही हे परवडणारं नाही.

आणि अशा घरी गेल्यावर काय म्हणायचं, हा प्रश्न उरतो. राणी लीलेला सरस्वतीनं आधी तिचा प्रश्न पुरा विचारू दिला. आपल्याला दुसरं जग दाखवता येणार नाही. ऐकता मात्र येईल.

आज इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ, अवघड असतील तर आधी घेऊ.