थर मोडा, मग औषध लावा



गुरांच्या पाण्याचा हौद आठ दिवस घासला नाही, तर आतल्या भिंतीला बुळबुळीत थर धरतो. नुसते पाणी बदलून तो जात नाही. ब्लीचिंग पावडर टाकली तरी काथ्याने घासावेच लागते. असाच थर आपल्या दातांवर रोज धरतो. शास्त्रज्ञ त्याला ‘बायोफिल्म’ म्हणतात. जंतू एकमेकांना चिकटून, स्वतःभोवती चिकट आवरण करून राहतात. सुट्या जंतूंना मारणारे औषध या आवरणाआडच्या जंतूंपर्यंत पुरेसे पोचत नाही.

हॉलंडमधील लेव्हेनहूक या कापड व्यापाऱ्याने १६८३ साली आपल्या दातांवरचे कीटण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात वळवळणारे जीव होते. व्हिनेगरने दात धुतले तर थराच्या बाहेरचेच जीव मरतात, आतले जगतात, असे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले होते.

गोळीने दाढ का बरी होत नाही?

कीड दाढेच्या गाभ्यात शिरली की पुढे आतली नस मरते व तिथला रक्तपुरवठा थांबतो. पोटात घेतलेली गोळी रक्तावाटे पसरते. जिथे रक्तच जात नाही, तिथे ती कशी पोचणार? म्हणून दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणून खाऊ नका. ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली, असेही समजू नका. नस मेली तरी ठणका थांबतो आणि आत जंतू वाढतच राहतात.

यावर उपाय रूट कॅनालचा. दंतवैद्य बारीक कानशीने मुळातील नळी घासतात आणि सोडियम हायपोक्लोराइटने पुन्हा पुन्हा धुतात. ठिबकच्या नळ्यांतील थर काढण्यासाठी आपण क्लोरीन सोडतो, त्याच कुळीतले हे औषध. गरज पडल्यास कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे विरलेल्या चुन्याचा लेप काही दिवस आत ठेवतात. त्याचा सामू साडेबाराच्या आसपास असतो. एवढ्या विम्लतेत बहुतेक जंतू टिकत नाहीत. शेवटी नळी भरून बंद करतात. मात्र पानाचा चुना किंवा ब्लीच घरी दाढेत घालू नका. तोंड भाजेल.

चूळ भरण्याचे औषध

हिरड्या सुजून रक्त येत असेल, तर दंतवैद्य क्लोरहेक्सिडीन देतात. दूध काढल्यावर सड बुडविण्याच्या काही औषधांतही ते असते; पण जनावरांचे औषध माणसाने वापरू नये. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९७० साली दाखवून दिले, की ०.२ टक्के द्रावणाच्या १० मिलिलिटरने दिवसातून दोनदा चूळ भरल्यास स्वच्छ दातांवर नवा थर धरत नाही. ‘स्वच्छ दातांवर’ हे शब्द ध्यानात ठेवा. जुने कडक कीटण आधी दंतवैद्याकडून काढून घ्यावे लागते. हे औषध फार दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते. म्हणून सांगितले तितकेच दिवस वापरा, आणि टूथपेस्टनंतर अर्ध्या तासाने.

घरी काय करावे?

सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने ब्रश करा. मिश्री सोडा; ती तंबाखूच आहे. दाढ दुखू लागताच जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या दिवशी असतात, याची चौकशी करा. गालावर सूज, ताप, तोंड न उघडणे किंवा गिळता न येणे, यांपैकी काहीही दिसले तर पेरणी-मळणी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.