पाहिलेलें नाटक आणि लिहिलेलें उत्तर

नाटक पाहण्याची परीक्षा जर कोणी घेऊं लागेल, तर चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील मुलांमुलींना तींत पहिला क्रमांक मिळविण्यास फारसे श्रम पडणार नाहींत. दिवाळी झाली, धानाची कापणी उरकली, कीं गांवोगांव मंडई भरूं लागतात. आणि तेव्हांपासून होळीपर्यंत या झाडीपट्टींत नाटकांचा जो हंगाम चालतो, तसा महाराष्ट्रांत अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल. रात्रीं दहाच्या सुमारास पडदा वर जातो आणि खेळ संपतां संपतां पूर्वेस तांबडें फुटूं लागतें. वडीलमाणसांच्या मांडीवर अर्धवट झोपेंत कां होईना, पण नाटक पाहिलें नाहीं असें मूल या भागांत सांपडणें कठीण. परंतु विद्यापीठें व परीक्षामंडळें पाहण्याची परीक्षा घेत नाहींत. तीं घेतात लिहिण्याची. आणि येथेंच झाडीपट्टींतील विद्यार्थ्याची गाडी अडते.

ज्यांनीं हा प्रदेश पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. झाडी म्हणजे रान. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांचा जो रानाचा व धानाचा मुलूख, ती झाडीपट्टी. यांपैकीं गडचिरोली हा पूर्वीं चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं तो स्वतंत्र जिल्हा झाला. गोंदियाहून बल्लारशहास जाणाऱ्या लोहमार्गावर वडसा, म्हणजेच देसाईगंज, हें गांव लागतें. नाटकमंडळ्यांच्या कचेऱ्या मुख्यतः तेथेंच आहेत. गांवकरी तेथें जाऊन खेळ ठरवितात, बयाणा देतात आणि तारीख घेऊन परत येतात. स्थानिक नटांच्या जोडीला नागपूर, पुणें, मुंबई येथील कलावंतहि हंगामापुरते येथें येऊन राहतात. या रंगभूमीवर आयुष्य वेंचलेले गडचिरोली जिल्ह्यांतील नट श्री. परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री देण्यांत आली, यावरून या कलेची योग्यता राजधानीपर्यंत पोंचली असें म्हणावयास हरकत नाहीं. पण ती विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेपर्यंत मात्र अद्याप पोंचलेली नाहीं!

समजा, आरमोरीकडील एकादी मुलगी नाट्यशास्त्र हा विषय घेऊन पदवीच्या किंवा पदव्युत्तर परीक्षेस बसली आहे. प्रश्न येतो, 'रस म्हणजे काय तें सोदाहरण स्पष्ट करा.' ती पाठ केलेली व्याख्या लिहिते. उदाहरण म्हणून बाजारी मार्गदर्शकांत छापलेलें शाकुंतलांतील चौथ्या अंकाचें नांव टांकते. तें नाटक तिनें रंगभूमीवर कधीं पाहिलेलें नसतें; तिच्या शेजारीं बसलेल्या वीस मुलांनींहि तेंच उदाहरण दिलेलें असतें. ज्या प्रसंगानें गेल्या पौषांत तिचे स्वतःचे डोळे पाणावले, त्याची तिला त्या घटकेस आठवणहि होत नाहीं. होत असली तरी, 'तें आपलें गांवचें नाटक, तें पेपरांत कसें लिहावें?' या संकोचानें लेखणी मागें येते. परीक्षकास एकविसावें सारखें उत्तर वाचावें लागतें आणि तो जेमतेम गुण देऊन पान उलटतो.

या संकोचांत गुणांची हानि आहे, ती तर उघडच आहे. पण त्याहून मोठी हानि समजुतीची आहे. परिभाषा ही अनुभवाला नांव देण्यासाठीं असते. अनुभव बाजूस ठेवून नुसतीं नांवें पाठ केलीं, तर तीं परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं विसरलीं जातात. म्हणून माझें सांगणें एवढेंच आहे कीं, या विद्यार्थ्यानें तयारीचा आरंभ पुस्तकापासून न करतां आपण पाहिलेल्या खेळापासून करावा, आणि मग पुस्तक त्या खेळाशेजारीं उघडून ठेवावें.

रसाचेंच उदाहरण घेऊं. एका खेळांत असा प्रसंग आहे अशी कल्पना करा: कर्जापायीं शेत गेलेला बाप ओसरीवर बसला आहे, त्याच्या मुलीचें ठरलेलें लग्न मोडलें आहे, आणि त्याच वेळीं शेजारच्या घरीं सनई वाजूं लागते. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत जी कारणपरंपरा सांगितली, ती येथें बोट ठेवून दाखवितां येते. हतभागी मुलगी व मोडलेलें लग्न हा आलंबन विभाव. ती सनई हा उद्दीपन विभाव. बापाचा कांपरा आवाज, खालीं गेलेली मान, डोळ्यांतील पाणी हे अनुभाव. मध्येंच येणारी चिंता, विषाद, जुन्या दिवसांची स्मृति हे व्यभिचारी भाव. या सर्वांच्या संयोगानें शोक हा स्थायी भाव पुष्ट होऊन प्रेक्षकास करुणरसाची प्रतीति येते. हें एकदां स्वतः जुळवून पाहिलें, म्हणजे भरतांचे आठ रस आणि मागाहून मान्य झालेला नववा शांत, यांचा घोळ पुन्हां होत नाहीं. शाकुंतलाचें उदाहरणहि द्यावें. पण तें दुसरें. पहिलें आपलें.

दुसरा प्रश्न नाट्यगृहाचा. हा भाग पुष्कळ विद्यार्थी आंकडे पाठ करून कसाबसा पार पाडतात. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत विकृष्ट, चतुरस्र व त्र्यस्र असे मंडपाचे तीन आकार सांगितले आहेत, आणि माणसांसाठीं ६४ हात लांब व ३२ हात रुंद असा मध्यम विकृष्ट मंडप उत्तम ठरविला आहे. हात दीड फुटाचा धरला, तर तो ९६ फूट लांब व ४८ फूट रुंद होतो. आणि त्यांतील निम्मीच जागा प्रेक्षकांची. याहून मोठा मंडप कां नको, याचें कारणहि तेथेंच दिलें आहे: शब्द अस्पष्ट ऐकूं येतात आणि मुखावरील भाव दिसत नाहींत. आतां हें वाचून विद्यार्थ्यानें झाडीपट्टींतील मंडप डोळ्यांपुढें आणावा. कापलेल्या धानाच्या बांधींत उभारलेला मंच, समोर हजारोंचा समुदाय, थंडींत घोंगडीं पांघरून बसलेलीं माणसें. शेवटच्या ओळींतील म्हाताऱ्यास नटाची भुवई दिसणें शक्य नाहीं. म्हणून तेथें हातवारे मोठे, रंगभूषा ठळक, आवाज चढा. शहरांतील टीकाकार यास भडकपणा म्हणून मोकळे होतात. भरतांचा तो नियम ज्यानें समजून घेतला आहे, तो मात्र असें लिहूं शकेल कीं, ही अभिनयपद्धति जागेच्या विस्तारांतून जन्मली आहे. आंगिक व आहार्य यांवर येथें जो भर आहे, तो सूक्ष्म भाव दूरवर पोंचत नाहींत म्हणून आहे. पाठ केलेले ६४ आणि ३२ हे आंकडे अशा रीतीनें एका विचारास उपयोगीं पडतात. असा एक परिच्छेद परीक्षकाची मान वर करावयास पुरेसा होतो.

मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा अभ्यासहि याच मार्गानें हलका होतो. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' केलें. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलें. देवलांची 'शारदा' १८९९ ची. खाडिलकरांचें 'कीचकवध' १९०७ चें, व त्यावर सरकारची बंदी १९१० सालीं आली. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' १९१९ चा. ही माळ जपमाळेप्रमाणें ओढण्यांत अर्थ नाहीं. दोन मण्यांमध्यें काय घडलें हें विचारावें. भाव्यांच्या खेळांत गाण्याचा भार सूत्रधारावर असे आणि पात्रें आयत्या वेळीं सुचेल तें बोलत. किर्लोस्करांच्या खेळांत पात्रें स्वतः गाऊं लागलीं आणि संवाद लिखित झाले. हा फरक ज्यास कळला, त्याला १८४३ व १८८० हीं सालें आपोआप लक्षांत राहतात. आणि मग तो झाडीपट्टीकडे वळून विचारील: येथें लिखित संहिता आहे, पण तालमी थोड्या आणि प्रॉम्प्टरवर भार मोठा, गाण्यावांचून तर खेळ रंगतच नाहीं. मग ही रंगभूमि त्या परंपरेंत कोठें बसते? दंडार, खडीगंमत या येथील जुन्या लोकप्रकारांचें देणें तींत किती? झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं या भागांतील बोली व लोककला यांवर केलेलें लेखन अशा वेळीं हाताशीं असावें.

येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. आपल्या गांवचें उदाहरण द्यावें म्हणजे जेथें तेथें तें कोंबावें असें नव्हे. अॅरिस्टॉटलनें शोकांतिकेचीं सांगितलेलीं सहा अंगें विचारलीं असतां कथानक, स्वभावचित्रण, विचार, भाषा, संगीत व दृश्य हीं सहाहि आधीं नीट सांगावीं, उदाहरण मागाहून. तसेंच वरवरच्या साम्यानें फसूं नये. करुण प्रसंगानंतर एकाएकीं नाचगाणें येतें, म्हणून झाडीपट्टीचें नाटक जर्मन नाटककार ब्रेख्त याच्या पद्धतीचें, असें लिहिणारा विद्यार्थी गुण गमावतो. ब्रेख्तचें गीत प्रेक्षकास कथेपासून दूर सारून विचार करावयास लावतें. झाडीपट्टींतील गाणें रात्रभर बसलेल्या प्रेक्षकाच्या मनास विसांवा देतें व त्याला पुढील रडण्यास सिद्ध करतें. साधन एक दिसलें तरी हेतु निराळे आहेत, हें सांगणें हेंच खरें उत्तर. आणि आपल्या रंगभूमीचे दोष दिसत असतील, तर तेहि झांकूं नयेत. उत्तरपत्रिका म्हणजे मानपत्र नव्हे.

आतां वेळापत्रकाविषयीं. पुष्कळांची अडचण अशी कीं, ऐन हंगाम आणि हिवाळी परीक्षा एकाच सुमारास येतात. म्हणून वर्षाचे दोन भाग करावे. दिवाळी ते होळी या काळांत एक लहान वही जवळ बाळगावी, आणि खेळ पाहून आल्यावर त्याच दिवशीं झोप झाली कीं पांच गोष्टी लिहाव्या: मंच कसा होता, पहिलें पात्र कसें आलें, गाणीं किती व कोठें, प्रेक्षक केव्हां हंसले व केव्हां रडले, आणि कोणती गोष्ट फसली. हंगामांत असे दहा खेळ टिपले, तरी उदाहरणांची शिदोरी पुरते. पुढें उन्हाळ्यांत व रोवणीच्या दिवसांत शास्त्रग्रंथ वाचून प्रत्येक टिपणाच्या समासांत योग्य तो पारिभाषिक शब्द लिहावा. आठवड्यांतून निदान दोन उत्तरें घड्याळ लावून, पूर्ण वाक्यांत, हातानें लिहावीं. वाचलेलें उत्तर आपल्याला येतें असा जो भ्रम असतो, तो कागदावर पहिल्या पांच ओळींतच दूर होतो.

महाविद्यालयांत अध्यापक होऊं इच्छिणाऱ्यांस राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे नेट, द्यावी लागते. नृत्य, नाटक व रंगभूमि हा तींत एक विषय आहे. ती २०१८ च्या डिसेंबरपासून संगणकावर घेतली जाऊं लागली. तींत दोन भाग असून पहिल्यांत ५० व दुसऱ्यांत १०० असे १५० पर्यायी प्रश्न तीन तासांत सोडवावयाचे असतात. म्हणजे एका प्रश्नास १ मिनिट १२ सेकंद. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहींत, तेव्हां एकहि प्रश्न कोरा सोडूं नये. प्रश्न इंग्रजी व हिंदी या भाषांत असतात. भरतांची परिभाषा हिंदींत जवळजवळ तशीच असल्यानें मराठी विद्यार्थ्यास ती परकी वाटत नाहीं. पाश्चात्त्य नाट्यविचारांतील इंग्रजी शब्दांची मात्र दोनस्तंभी यादी करून ती रोज चाळावी. येथें वर्णन लिहावयाचें नसलें, तरी ज्यानें संज्ञा अनुभवाशीं जोडल्या आहेत तो चार पर्यायांत गोंधळत नाहीं.

शेवटीं दोन शब्द पालकांस. 'परीक्षा जवळ आली, आतां नाटकें पुरे!' हें वाक्य बहुतेक घरांत ऐकूं येतें, आणि इतर विषयांच्या बाबतींत तें योग्यहि असेल. परंतु ज्याचा विषयच नाटक आहे, त्याच्या हातून वही काढून घेणें आणि त्याला खेळास जाऊं न देणें हीं दोन्हीं सारखींच. त्याला जाऊं द्यावें. सकाळीं चहा देतांना 'काल काय पाहिलेंस?' असें विचारावें, आणि त्यानें तें नीट, क्रमवार सांगितलें नाहीं तर पुन्हां विचारावें. जें आईला समजेल असें सांगतां आलें, तें परीक्षकालाहि समजेल असें लिहितां येतें.

वडशाच्या मंडपांत ज्यानें कधीं पाऊल टाकलें नाहीं असा परीक्षक ती उत्तरपत्रिका तपासणार आहे. झाडीपट्टीची रंगभूमि कशी आहे हें कदाचित् त्याला त्या चार पानांवरूनच प्रथम कळेल. तेव्हां तीं पानें चोख लिहिलेलीं असावींत.