दिव्याने चालू-बंद होणारा एक्स-रे

छातीचा फोटो काढताना टेक्निशियन म्हणतो, "श्वास रोखा." त्या क्षणी नळीत काय घडतं, ते आज बघू.

1913 मध्ये कूलिजने एक्स-रे नळीत टंगस्टनची तार बसवली. दवाखान्यातल्या नळ्या आजही बहुतेक त्याच पद्धतीच्या. तार 2000 अंशांच्या वर तापते, इलेक्ट्रॉन सुटतात आणि हजारो व्होल्टच्या ओढीने समोरच्या धातूवर आदळतात. त्यांच्या ऊर्जेतला जेमतेम एक टक्का एक्स-रे होतो, बाकी नुसती उष्णता! पण खरी अडचण वेगळी आहे. तापलेली तार चटकन गार होत नाही. इलेक्ट्रॉन अडवायला व्होल्टेज तोडावं लागतं किंवा मध्ये विजेची जाळी लागते. आणि गरज नसताना सुटलेले किरण जातात पेशंटच्या अंगात.

मग तार तापवायचीच कशाला? मॅग्नेशियमच्या पातळ थरावर अतिनील एलईडीचा प्रकाश टाका. धातू गारच, तरी इलेक्ट्रॉन सुटतात. आइन्स्टाइनने 1905 मध्ये याचं कारण सांगितलं: प्रकाशाचा एक कण एका इलेक्ट्रॉनला धक्का देतो. लाल दिवा कितीही मोठा लावा, त्याचा कण दुबळाच. एलईडी विझला की इलेक्ट्रॉन बंद, एक्स-रेही बंद.

नासाच्या गोडार्ड केंद्राने असा स्रोत बनवला. 2017 मध्ये अंतराळ स्थानकावर गेलेल्या नायसर दुर्बिणीची चाचणी घ्यायला सेकंदात शेकडो वेळा लुकलुकणारे, पल्सार ताऱ्यांसारखे एक्स-रे हवे होते.

दवाखान्यात मात्र घोडं अडतं. श्वास रोखलेला असताना फोटो उरकायचा तर शेकडो मिलिअँपिअर प्रवाह लागतो. एलईडीने सुटणारे इलेक्ट्रॉन त्यापुढे चिमूटभर.