सरकारी नोकर आणि राजकारण

निवडणुकीच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या गावी एक ठरावीक दृश्य दिसते. तहसील कचेरीच्या आवारात शिक्षक, तलाठी, निरनिराळ्या खात्यांतील कारकून जमतात. मतदान यंत्रे, मतदारयाद्या, शाईच्या कुप्या मोजून ताब्यात घेतात आणि सरकारी मोटारींतून आपापल्या केंद्रांकडे रवाना होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हीच माणसे गावच्या शाळेत मेज मांडून बसतात. येणाऱ्या प्रत्येकाच्या बोटाला शाई लावणाऱ्या त्या कारकुनालाही स्वतःचे मत असते. निवडणुकीच्या कामावर असल्यामुळे ते तो बहुधा टपालाने देतो. परंतु ते कोणाला दिले, किंवा कोणाला देणार, हे त्याने कोणालाही सुचवावयाचे नसते. इतर नागरिकांच्या दृष्टीने गुप्त मतदान हा हक्क आहे. सरकारी नोकराच्या बाबतीत ते कर्तव्यही आहे.

हे कर्तव्य कोठे सांगितले आहे? केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ साली जे वर्तणूक नियम झाले, त्यांतील पाचवा नियम या विषयाचा आहे. महाराष्ट्राच्या १९७९ च्या नागरी सेवा वर्तणूक नियमांतही त्याच क्रमांकाचा नियम त्याच आशयाचा आहे. सरकारी नोकराने कोणत्याही राजकीय पक्षाचे, अथवा राजकारणात भाग घेणाऱ्या संघटनेचे, सभासद होऊ नये. राजकीय चळवळीत भाग घेऊ नये, तिला वर्गणी देऊ नये, अन्य मार्गाने साह्यही करू नये. विधिमंडळाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या निवडणुकीत प्रचार करू नये, आपले वजन खर्ची घालू नये. घरावर, वाहनावर किंवा अंगावर एखाद्या पक्षाची निशाणी लावणे, हेही वजन वापरणेच समजले जाते. कर्मचाऱ्याची पत्नी जिल्हा परिषदेला उभी राहिली, तर तो तिचा हक्क आहे. परंतु पतीला तिच्यासाठी दारोदार फिरता येणार नाही. राजकीय पक्षाच्या सभासदत्वाने तिला बाधा येत नाही. कायद्याने स्थापन झालेले सरकार उलथून पाडू पाहणाऱ्या चळवळीत घरचे कोणी सामील होत असेल, तर मात्र त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न नोकराने केला पाहिजे, आणि यश न आल्यास ते सरकारला कळविले पाहिजे. २०१४ मध्ये नियमांत जी भर पडली, तीत राजकीय तटस्थता राखण्याचे कर्तव्य स्पष्ट शब्दांत घालण्यात आले.

एवढे निर्बंध कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. लोकशाहीत निवडून आलेल्याचा विश्वास मिळविणे अवघड नसते. कसोटी लागते ती हरलेल्याच्या विश्वासाची. मते नीट मोजली गेली, असे पराभूत उमेदवाराला वाटले पाहिजे. ज्या गावाने सत्ताधाऱ्यांविरुद्ध मत दिले, त्या गावच्या शेतकऱ्याला सातबाऱ्याचा उतारा इतरांच्याच क्रमाने मिळाला पाहिजे. सरकार पाच वर्षांनी बदलते, कचेरी बदलत नाही. त्या कचेरीतला माणूस कोणाचा आहे, हे एकदा गावाला कळले, की त्याने केलेला न्यायही पक्षपातच भासू लागतो.

तथापि, या विश्वासाची किंमत नोकरालाच मोजावी लागते, आणि ती लहान नाही. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांची उमेद भारतीय सनदी सेवेत गेली होती. परंतु त्या वेळी ते मंत्री होते, कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आलेले होते, म्हणून आपली व्यथा त्यांना संसदेत मांडता आली. मुंबईच्या सचिवालयातील मराठी कारकुनाच्या मनातही त्या दिवसांत तीच खळबळ असणार. त्याला मात्र मोर्चात सामील व्हावयाचे, तर नोकरी सोडूनच व्हावे लागले असते.

म्हणूनच, अशी किंमत मागणाऱ्या नियमाने गरजेपेक्षा अधिक मागू नये. ब्रिटनमध्ये या बाबतीत नोकरांचे वर्ग पाडलेले आहेत. धोरणाशी जवळचा संबंध असणाऱ्या वरिष्ठांवर कडक बंधने आहेत, तर ज्यांचा धोरणाशी संबंध नाही अशांना पुष्कळ मोकळीक आहे. आपल्याकडे शिपायापासून सचिवापर्यंत नियमाचा मजकूर एकच आहे. मर्यादा आखण्याचे काम त्यामुळे बरेचसे न्यायालयांकडे आले.

जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप झाला. त्याच्या आगेमागे निदर्शने केल्याबद्दल मुंबईच्या लेखा खात्यातील एका कर्मचाऱ्यावर कारवाई झाली, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने ते आणि बिहारमधील तशाच प्रकारचे दुसरे प्रकरण १९६२ मध्ये निकालात काढले. संप हा मूलभूत हक्क नाही. परंतु शांततेच्या निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा नियम घटनेशी विसंगत आहे, आणि सरकारने मान्यता दिली नाही एवढ्याच कारणावरून संघटनेत सामील होण्याचा हक्क हिरावता येत नाही, असा या निर्णयांचा आशय आहे. नोकरीत शिरताना माणूस आपले नागरिकत्व दाराबाहेर ठेवून येत नाही.

पुढे १९८३ मध्ये मध्य प्रदेशातील एका शिक्षकाचे प्रकरण आले. नोकरीपूर्वीच्या राजकीय कार्याबद्दल पोलिसांनी कळविले, म्हणून त्याला काढून टाकण्यात आले होते. पूर्वीचे राजकारण हा नोकरी नाकारण्याचा आधार होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने आणखी एक बारीक रेघ ओढली: सभेला हजर राहणे निराळे आणि सभेत भाग घेणे निराळे. उमेदवाराचे भाषण ऐकल्याशिवाय मतदाराने मत बनवावे तरी कसे?

नियमात एक नाजूक जागा उरतेच. एखादी संघटना राजकारणात भाग घेते की नाही, या प्रश्नावर सरकारचा निर्णय अखेरचा असतो. ३० नोव्हेंबर १९६६ च्या परिपत्रकाने राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमाते इस्लामी यांच्या कार्यात भाग घेण्यास केंद्राच्या नोकरांना मनाई होती; ९ जुलै २०२४ च्या आदेशाने त्यातील संघाचा उल्लेख वगळण्यात आला. कोणाला हा बदल योग्य वाटेल, कोणाला अयोग्य. परंतु रेघ सरकार आखते आणि सरकारच ती बदलते, हे त्यावरून दिसते. तटस्थता राखावयाची नोकराने, आणि तिची व्याख्या करावयाची सत्तेवर असलेल्यांनी, ही अडचण पुसून टाकता येत नाही.

या बंधनाची दुसरी बाजू बहुधा विसरली जाते. ते सत्ताधाऱ्यांवरही आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे, उमेदवाराने आपल्या निवडणुकीसाठी ठराविक वर्गातील सरकारी नोकराचे साह्य घेणे हा भ्रष्ट आचार ठरतो. १९७१ च्या रायबरेलीच्या निवडणुकीवरील खटल्यात हाच मुद्दा निर्णायक ठरला. पंतप्रधानांच्या सचिवालयातील राजपत्रित अधिकारी यशपाल कपूर यांनी १३ जानेवारी १९७१ रोजी राजीनामा दिला. त्याची अधिसूचना निघाली २५ जानेवारीस. मधल्या दिवसांत ते नोकर होते की नव्हते? अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ रोजी त्यांना नोकर मानले. उत्तर प्रदेशच्या अधिकाऱ्यांनी सभांसाठी उभारलेल्या व्यासपीठांचाही आधार घेऊन न्यायालयाने श्रीमती इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द केली. पुढे संसदेने कायदा बदलला, आणि बदललेल्या कायद्याच्या आधारे ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक वैध ठरविली. तरी देशाच्या पंतप्रधानांचे पद एका नोकराच्या राजीनाम्याच्या तारखेवर टांगले जाऊ शकते, हे त्या निकालाने दाखवून दिले.

म्हणजे हा नियम नोकराचे कवचही आहे. प्रचाराला चल म्हणणाऱ्या वजनदार माणसापुढे तो नियमावर बोट ठेवू शकतो. मात्र पक्षाविषयी मौन म्हणजे कर्तव्याविषयी मौन नव्हे. १० ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत सरदार पटेलांनी सनदी सेवकांच्या संरक्षणाची बाजू मांडली. समोर बसलेल्यांपैकी अनेकांना इंग्रजी अमदानीत याच सेवेने तुरुंगात धाडले होते. तरीही, आपले मत निर्भयपणे बोलू शकणारा सेवकवर्ग नसेल तर देश एकसंध राहणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मंत्र्याला न आवडणारे टिपण फायलीवर सही करून लिहिणे आणि निर्णय झाल्यावर तो निष्ठेने अमलात आणणे, यालाच तटस्थता म्हणतात. चौकात गप्प बसणारा नोकर फायलीतही गप्प बसू लागला, तर नियमाचे अक्षर राहील आणि हेतू जाईल.

संध्याकाळी मतदान संपते. यंत्रावर मोहोर लागते, निरनिराळ्या पक्षांचे प्रतिनिधी कागदावर सह्या करतात आणि आपापल्या घरी जातात. यंत्र राहते त्या कारकुनाच्या हाती. त्याचे मत कोणाला होते, हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नसते. म्हणूनच ते सगळे निश्चिंतपणे घरी जाऊ शकतात.