कांदा चाळीचे छप्पर: बांधण्याआधीचा हिशेब

प्रवरेच्या एका काठाला राहाता तालुक्यातले कोल्हार बुद्रुक, दुसऱ्या काठाला राहुरी तालुक्यातले कोल्हार खुर्द. दोन्हीकडे ऊस आहे आणि दोन्हीकडे उन्हाळी कांदाही. मार्च-एप्रिलमध्ये काढलेला कांदा भावाची वाट पाहत चार-सहा महिने राखायचा तर चाळ लागते. अनेक शेतकरी ती गावातल्या वेल्डरला सोबत घेऊन स्वतःच उभी करतात. खांब, जाळी, तळ हे बहुतेकांना जमते. चुका होतात त्या छपरात, आणि त्या कळतात वळवाच्या पहिल्या वादळात.

छपराला दोन कामे

पहिले काम सावली आणि पाऊस अडवण्याचे. कांद्याला साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. त्यापेक्षा जास्त दमट झाले की सड लागते, फार कोरडे आणि तापलेले असले की वजन घटते. म्हणून चाळ बाजूंनी उघडी ठेवतात आणि सगळा भार छपरावर येतो.

दुसरे काम जागेवर राहण्याचे. बहुतेक जण छपराच्या वजनाचा विचार करतात, ते खाली येऊ नये म्हणून. आपल्या भागात मात्र छप्पर खाली कोसळण्यापेक्षा वर उडण्याचीच भीती जास्त. उघड्या चाळीत वारा आत शिरून पत्र्याला खालून रेटतो आणि वरून जाणारा वारा त्याला ओढतो.

मापे आधी कागदावर

२५ टनांची दुपाखी चाळ धरू. दोन्ही बाजूंना ४ फूट रुंदीचे कप्पे, मध्ये ५ फुटांची वाट, म्हणजे १३ फूट रुंदी. लांबी ४० फूट, कांद्याची थर-उंची ५ फूट. दुपाखी चाळ पूर्व-पश्चिम लांब घ्यावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मुख्यतः आखूड बाजूंवर पडते. एकाच कप्प्याची चाळ दक्षिणोत्तर ठेवतात, पश्चिमेचा वारा आरपार जावा म्हणून.

वळचण दोन्हीकडे ३ फूट बाहेर हवी. खर्च वाचवायला अनेक जण ती दीड फुटावर आणतात. तसे केले तर तिरप्या पावसाने बाहेरचा थर भिजतो आणि सड तिथूनच आत सरकते. इथे हात आखडू नका.

आता चढ. आढ्यापासून खांबापर्यंत साडेसहा फूट, पुढे वळचण तीन, एकूण आडवे साडेनऊ फूट. तीन फुटांना एक फूट चढ दिला तर तिरकी लांबी १० फूट येते. बाजारातला १० फुटी पत्रा न कापता आणि न जोडता एका पाख्याला पुरतो. आडवा जोड नाही म्हणजे गळतीची एक जागा कमी. आढ्यावरचा सांधा टोपीने झाकायचा. खांबाच्या माथ्यापेक्षा आढे साधारण २ फूट २ इंच उंच येईल. तळ जमिनीपासून २ फूट, वर ५ फूट कांदा आणि दीड फूट मोकळी हवा, म्हणजे खांबाचा माथा साडेआठ फुटांवर. कांदा पत्र्याला भिडेल इतका भरू नये, वरचा थर भाजतो.

गुण्या आणि ओळंबा

खड्डे खणण्याआधी दोरी बांधून चौकोन काटकोनात आहे का पाहा. १३ बाय ४० फुटांच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण ४२ फूट आणि पाऊण इंच भरले पाहिजेत. दोन कर्णांत दोन इंचांचा फरक पडला तरी शेवटचे पत्रे तिरके बसतात आणि वळचणीची रेघ वाकडी दिसते. खांबांचे माथे पाणसळीने एका पातळीत घ्या.

कैची

कैचीत वरचे दोन तिरपे, खालचा आडवा आणि मधला उभा असतो. डोक्याला लागेल म्हणून किंवा लोखंड वाचवायला खालचा आडवा गाळणारे आहेत. तसे केल्यास तिरपे बाहेर फाकतात आणि खांबांनाही बाहेर ढकलतात. तो आडवा हवाच.

दर ८ फुटांना एक कैची धरली तर ४० फुटांना सहा लागतात. पहिली कैची जमिनीवर आखून नीट जुळवा आणि बाकीच्या तिच्यावरच ठेवून वेल्ड करा, म्हणजे सहाही सारख्या निघतील. वरचे तिरपे खांबाच्या पुढे वळचणीपर्यंत अखंड न्या. नंतर जोडलेला तुकडा वारा सर्वांत आधी मोडतो. प्रत्येक पाख्यावर चार पर्लिन, म्हणजे पत्रा धरणारे आडवे आधार, अंतर साधारण सव्वातीन फूट. दोन्ही टोकांच्या गाळ्यांत खांबांमध्ये आणि छपरातही तिरपे आधार द्या, नाहीतर सहा कैच्या पत्त्यांसारख्या एका दिशेला झुकू शकतात. वेल्डचा प्रत्येक सांधा घासून त्यावर लाल ऑक्साइड लावा.

वाऱ्याचा ढोबळ हिशेब

भारतीय मानकात पुणे आणि नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. या वेगाला चौरस मीटरवर ९० किलोच्या वर दाब येतो. साध्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो. छपरावर दगड आणि जुने टायर ठेवून भागत नाही ते यामुळे.

एका मधल्या कैचीच्या वाट्याला ८ बाय १९ फूट छप्पर येते. त्यावरची ओढ तेराशे किलोच्या घरात जाते. ती दोन्ही कप्प्यांच्या कडांवरच्या चार खांबांत वाटली तर प्रत्येकी सव्वातीनशे. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, अडीच फूट खोल काँक्रीटचा पाया सुमारे ३८० किलो भरतो. खांबाभोवती माती ठोकून भागवले तर हे वजन मिळत नाही. हा हिशेब ढोबळ आहे, चाळ मोठी असेल तर अभियंत्याकडून तपासून घ्या.

पत्रा स्क्रूने पर्लिनला, पर्लिन नट-बोल्टने कैचीला, कैची खांबाला, खांब बेसप्लेटने पायाला. या साखळीत एका ठिकाणी तार पिळलेली असेल तर चाळ तिथेच तुटते. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, रबरी वायसरसह मारा. वळचण, आढे आणि दोन्ही टोके इथे ते दाट हवेत. पत्रे वाऱ्याच्या उलट टोकाकडून लावत या, म्हणजे जोडाचे तोंड वाऱ्याला मिळत नाही.

कशाने झाकायचे

मंगलोरी कौलांखाली चाळ सर्वांत थंड राहते. पण कौले जड, त्यांना चढ जास्त हवा आणि माकडांचा त्रास असेल तर दुरुस्ती संपत नाही. सिमेंटचा पत्रा कमी तापतो, मात्र त्यावर पाय देऊ नये, तो फुटून माणूस खाली येतो. ॲस्बेस्टॉसचा असेल तर कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. लोखंडी पत्रा हलका आणि टिकाऊ, पण मे महिन्यात तापतो. कोल्हारकडे त्यावर उपाय फुकटात आहे: उसाचे पाचट. पत्र्यावर पाचटाचा थर पसरून जाळीने घट्ट बांधला की उष्णता बरीच अडते. वीजतारांखाली आणि चुलीजवळ मात्र पाचट नको.

अनुदान आणि वेळ

कृषी विभागाचे अनुदान हवे असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच काम सुरू करा, आणि ठरवून दिलेल्या आराखड्याप्रमाणेच. शंका असल्यास बाभळेश्वरचे कृषी विज्ञान केंद्र आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ दोन्ही जवळच आहेत.

छप्पर फेब्रुवारीअखेर पूर्ण व्हावे. वारा असताना पत्रे वर चढवू नका. आणि पहिले वळवाचे वादळ येऊन गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी पाना घेऊन चाळीत एक चक्कर मारा, ढिला झालेला प्रत्येक नट पुन्हा आवळा.